गाय व्यायली, पण माज कुठंय?

यावेळी वाचकांच्या प्रश्नांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच दुखण्यावरचे. गाय व्यायल्यावर परत माजावर येत नाही, आली तर कळत नाही, कळलं तर गाभण राहत नाही, आणि जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच, "मॅडम, एखादं चांगलं इंजेक्शन सांगा." म्हणून यावेळचं सगळं सदर या एकाच विषयाला देतेय. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. हॉर्मोनचं इंजेक्शन म्हणजे निरोप असतो, आणि निरोप ज्याला द्यायचा तो ओव्हरीवर, म्हणजे अंडाशयावर, हजर नसेल तर तो वाया जातो. त्यामुळे खालच्या प्रत्येक उत्तरात मी आधी "आज ओव्हरीवर काय आहे" हेच विचारणार, कंटाळू नका.

प्रश्न: मॅडम, माझी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय तिसऱ्या वेताची आहे, व्यायला ९५ दिवस झाले. दूध २२ लिटर देते, काही त्रास नाही, पण माज अजिबात नाही. एकांनी गरमीचं इंजेक्शन मारायला सांगितलं, मारलं, काहीच झालं नाही. याच्यापेक्षा भारी इंजेक्शन असतं का?

उत्तर: दादा, भारी इंजेक्शनचं खाली येतंच, पण आधी या ९५ दिवसांत तिच्या आत काय चाललंय ते बघू, म्हणजे पहिलं इंजेक्शन का फुकट गेलं ते आपोआप कळेल.

गाभणपणाचे नऊ महिने तिच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन भरपूर असतं, हे गाभ टिकवणारं हॉर्मोन, आणि शेवटी शेवटी वारेतून येणारं इस्ट्रोजेनही खूप वाढतं. या दोघांच्या दाबाखाली मेंदूच्या बुडाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच नावाचं हॉर्मोन बनवायचं जवळजवळ सोडून देते, त्यामुळे गाय व्याते तेव्हा तिचा एलएचचा साठा तळाला गेलेला असतो. तो परत भरायला दोन ते तीन आठवडे लागतात आणि तिथं आपली घाई चालत नाही. एफएसएच या पिट्युटरीच्याच दुसऱ्या हॉर्मोनचं मात्र तसं नाही, ते व्यायल्यानंतर पहिल्या आठवड्यातच वर जातं आणि ओव्हरीवर बारीक बारीक फॉलिकल म्हणजे पाण्याचे फोड उठायला लागतात. त्यातला एक पुढे सरकतो, बाकीचे मागे पडून विरून जातात. साधारण १० ते १४ दिवसांच्या सुमारास हा मोठा फॉलिकल तयार होतो आणि इथून पुढं त्याचं नशीब एलएचच्या हातात.

एलएच नळाच्या पाण्यासारखं सलग येत नाही, ठोक्याठोक्याने येतं. तासाला साधारण एक ठोका पडायला लागला की फॉलिकल वाढतो, भरपूर इस्ट्रोजेन सोडतो, त्या इस्ट्रोजेनने गाय माजावर येते आणि मग एलएचची एकच मोठी लाट येऊन तो फुटतो, बीज बाहेर पडतं. ठोके तीन-चार तासांतून एकदा पडत असतील तर तोच फॉलिकल सुकतो, काही दिवसांनी नवा घोळका उठतो, त्यातला एक मोठा होतो आणि तोही सुकतो, असं महिनोनमहिने चालू राहू शकतं. म्हणून "ओव्हरी झोपली" असं जे सगळे म्हणतात ते बहुतेक गाईंच्या बाबतीत खरं नसतं. सोनोग्राफीच्या स्क्रीनवर बघते तेव्हा ८-१० मिलिमीटरचे काळे गोल ठिपके तिथं असतातच, बिचारी ओव्हरी काम करतेय, वरून हुकूम येत नाहीये.

आणि हुकूम का येत नाही, तर बहुतेक वेळा पोटामुळे. व्यायल्यावर दूध भराभर चढतं, चार ते आठ आठवड्यांत वरच्या टोकाला जातं, पण गाईची भूक त्या वेगाने वाढत नाही, ती पूर्ण खायला लागते त्याच्या बऱ्याच आठवड्यांनी. मधला खड्डा ती अंगावरच्या चरबीने भरते. हे सगळ्याच दुभत्या गाईंमध्ये होतं, त्यात आजार काही नाही, पण खड्डा खोल असेल तर रक्तातली साखर आणि इन्सुलिन कमी, लिव्हरमधून येणारं आयजीएफ-१ नावाचं हॉर्मोन कमी, आणि मेंदूला याचा अर्थ सरळ कळतो, घरात शिल्लक नाही, नवीन पोटुशीपण आत्ता परवडणारं नाही, मग एलएचचे ठोके मंदावतात. आयजीएफ-१ कमी असलं की फॉलिकललाही मिळालेल्या एलएचचा पुरेसा उपयोग करता येत नाही, म्हणजे मार दोन्हीकडून.

आता तुमच्या गाईच्या मागं जाऊन उभे राहा. शेपटीच्या बुडाच्या दोन्ही बाजूला बोटं दाबा, चरबीचा थोडा मऊ थर लागतो की सरळ खोल खळगा आणि हाड? कमरेच्या आडव्या हाडांची टोकं वेगवेगळी मोजता येतात का? आम्ही १ ते ५ असे गुण देतो, १ म्हणजे सापळा, ५ म्हणजे फारच लठ्ठ. व्यातांना ३ ते ३.५ असावी आणि व्यायल्यावर अर्ध्या-पाऊण गुणापेक्षा जास्त उतरू नये, अख्खा एक गुण उतरली की माज लांबतो आणि भरवली, म्हणजे रेतन केलं, तरी गाभ राहण्याची शक्यता घटते. आणि लठ्ठ गाय व्यायली तर ती जास्त सुरक्षित असं वाटतं ना, तर उलटं, लठ्ठ गाय व्यायल्यावर खाणं टाकते आणि जास्त वेगाने उतरते, किटोसिस, म्हणजे अंगावरची चरबी फार वेगाने मोडल्याने होणारा आजारही, तिलाच आधी होतो.

आता तुमचं गरमीचं इंजेक्शन. ते बहुधा प्रोस्टाग्लँडिन असणार. त्याचं माज आणण्यातलं काम एकच, ओव्हरीवर पिवळा पिंड असेल तर तो मोडणं. फॉलिकल फुटून बीज गेलं की त्याच जागी हा पिवळा पिंड तयार होतो आणि प्रोजेस्टेरॉन सोडत बसतो, तो मोडला की प्रोजेस्टेरॉन पडतं आणि दोन ते पाच दिवसांत गाय माजावर येते. पण मोडायला पिंड तर हवा ना? तुमच्या गाईचा एकही फॉलिकल फुटलेलाच नसेल तर पिंड आला कुठून? आणि पिंड असला पण पाच दिवसांपेक्षा कोवळा असला तरी तो दाद देत नाही.

त्यामुळे पहिलं काम तपासणी. एकदा, आणि शंका वाटली तर ८-१० दिवसांनी परत. पिंड सापडला तर याचा अर्थ गाय माजावर येऊन गेलीय, तुम्हाला दिसलं नाही, मग प्रोस्टाग्लँडिन एकदम योग्य. दोन्ही वेळेला पिंड नाही, नुसते फॉलिकल, तर मग तुम्ही विचारताय ते "भारी", म्हणजे योनीत ठेवायचं प्रोजेस्टेरॉनचं साधन. सात-आठ दिवस आत ठेवतात, ठेवताना जीएनआरएचचं, म्हणजे पिट्युटरीला एलएच सोडायचा हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या हॉर्मोनचं, इंजेक्शन, काढायच्या वेळेला प्रोस्टाग्लँडिन, आणि गाय फारच मागे असेल तर काढताना फॉलिकल वाढवणारं पीएमएसजी हे हॉर्मोनही देतात. लोक मला विचारतात की जे हॉर्मोन माज अडवतं तेच देऊन माज कसा येईल. गंमत तिथंच आहे, प्रोजेस्टेरॉन आत असताना मेंदूला ती सवय परत लागते जी साध्या पाळीत असते, आणि साधन ओढून काढलं की पातळी धाडकन पडते, दाब सुटतो, एलएचचे ठोके वाढतात, दोन-तीन दिवसांत माज दिसतो. पण हे सगळं गाय २ गुणांवर असताना आणि अजून उतरत असताना केलं तर एकदा माज येईल आणि गाय परत गप्प होईल. आधी खुराक, खनिज मिश्रण, जंत, पाणी, आणि वजन उतरायचं थांबू दे, मग साधन. हा क्रम मी गेली कित्येक वर्षं सगळ्यांना सांगतेय आणि तरी लोक शेवटच्या पायरीपासून सुरू करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न: आमच्या गाईचं दूध आम्ही काढत नाही, वासरू दिवसभर आईजवळच असतं. चार महिने झाले, माज नाही. शेजारची गाय, जिचं वासरू पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवलं, ती दीड महिन्यात माजावर आली. वासरामुळे होतं का हे?

उत्तर: हो ताई, वासरामुळेच, पण तुम्हाला वाटतं त्या कारणाने नाही. पूर्वी सगळे धरून चालायचे की सडाला तोंड लागतं म्हणून माज लांबतो. मग संशोधकांनी अशाही गाई तपासल्या ज्यांची कासच शस्त्रक्रियेने काढलेली होती, आणि वासरू जवळ ठेवलं तर त्यांचाही माज लांबला. पुढं हेही दिसलं की आपलं नसलेलं वासरू पीत असेल आणि गाईने त्याला आपलं मानलेलं नसेल तर माज फारसा अडत नाही. आणि गाईला स्वतःचं वासरू दिसणंही बंद केलं आणि त्याचा वास येणंही बंद केलं, तर वासरू पीत असूनही ती वासरू तोडलेल्या गाईसारखी पाळीत आली. नुसती नजर बंद केली किंवा नुसता वास बंद केला तर नाही, एक जरी शिल्लक असलं तरी ती ओळखते. म्हणजे अडवतं ते "हे माझं वासरू" हे ओळखणं. त्या ओळखीने मेंदूत अफूच्या जातीची नैसर्गिक द्रव्यं सुटतात आणि ती जीएनआरएच दाबून धरतात, जीएनआरएच नाही तर एलएचचा ठोका नाही. हे वाचलं तेव्हा मी किती तरी वेळ नुसती विचार करत बसले होते, एवढं मोठं जनावर आणि मेंदूचं कुलूप पोराच्या वासात.

करायचं काय, तर वासरू महिना-दीड महिन्याचं झालं आणि चारा-खुराक तोंडात घ्यायला लागलं की दिवसातून दोनदाच पाजायला सोडा, मधल्या वेळात आईला दिसणार नाही आणि वास येणार नाही असं लांब बांधा. पलीकडच्या खुंटाला बांधून उपयोग नाही, ते तुम्हाला वरच्या प्रयोगावरून कळलंच असेल. दुसरा उपाय ४८ तास पूर्ण वेगळं ठेवायचा, बऱ्याच गाईंत तेवढ्याने ठोके वाढतात, प्रोजेस्टेरॉनचं साधन काढल्या दिवसापासून हे ४८ तास धरले तर अजून चांगलं. पण त्या दोन दिवसांत वासराला वेळेवर दूध, पाणी मिळालंच पाहिजे, आणि अशक्त किंवा हगवण लागलेलं वासरू असेल तर हा उपाय करूच नका, गाय आठ दिवस उशिरा माजावर आली तर चालेल.

प्रश्न: पान्हा सोडत नाही म्हणून गाईला रोज ऑक्सिटोसिन टोचतो. त्याचा गाभ राहण्यावर परिणाम होतो का?

उत्तर: होऊ शकतो, आणि माझं म्हणणं ही सवय आजच सोडा. १९५९ सालीच कालवडींवर दाखवलं गेलं की माजानंतरच्या पहिल्या आठवड्यात रोज ऑक्सिटोसिन दिलं तर पिवळा पिंड पूर्ण वाढतच नाही आणि कालवड ८ ते १२ दिवसांत परत माजावर येते. म्हणजे नेमक्या ज्या दिवसांत गर्भाला प्रोजेस्टेरॉन चढत जायला हवं त्याच दिवसांत आपण ते खाली ओढायचं. वर गाय सुईची इतकी सवयीची होते की स्वतःहून पान्हा सोडायचं विसरते. कास कोमट पाण्याने धुवा, सड हाताने नीट चोळा, त्यानंतर मिनिटभर थांबा, एकाच माणसाने एकाच वेळेला दूध काढा, आरडाओरडा नको. थोडे दिवस दूध कमी येईल, तेवढं सोसायची तयारी ठेवा.

प्रश्न: व्यायल्यावर किती दिवसांनी भरवावी? ३५ दिवसांवर माज आला होता, आम्ही सोडला, चूक झाली का?

उत्तर: अजिबात चूक नाही. व्यायल्याबरोबर गर्भाशय साधारण ९ किलोचं असतं, ते महिन्याभरात किलोभरावर येतं, पण आतलं अस्तर पूर्ण नवं होऊन घाण निघून जायला ४०-४५ दिवस लागतात. म्हणून ५०-६० दिवसांनंतरचा माज धरा. वार अडकली असेल, अंग, म्हणजे गर्भाशय, खराब झालं असेल, पू येत असेल तर आधी ते साफ. आणि एक लक्षात घ्या, गर्भाशयातला जंतुसंसर्ग तिथल्या तिथं राहत नाही, जंतूंचं विष रक्तातून वर जातं आणि फॉलिकलचं इस्ट्रोजेन बनवणं मंद करतं, म्हणून खराब अंगाच्या गाईचा माजही फिका असतो.

३५व्या दिवसाचा माज सोडला तरी तो लिहून ठेवायचा, हे मात्र विसरू नका. पहिल्यांदा बीज सुटतं ते दुभत्या गाईत बऱ्याचदा महिन्याच्या आतच आणि मुक्याने, बाहेर काही दिसत नाही, कारण आधी काही दिवस प्रोजेस्टेरॉन मिळालेलं नसलं की मेंदू इस्ट्रोजेनला पुरेसा ओ देत नाही. त्यानंतरची पहिली पाळी पुष्कळदा आखूड, ८-१२ दिवसांची, मग २१ दिवसांची गाडी सुरू होते, १८ ते २४ चालतात. तारीख लिहिलेली असली की पुढच्या माजाला तुम्ही वाट बघत उभे असता.

प्रश्न: माज कळतच नाही. सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) दिसतो तोवर वेळ गेलेली असते. गाय चांगल्या दुधाची आहे.

उत्तर: चांगल्या दुधाची आहे म्हणूनच. जास्त दूध म्हणजे जास्त खाणं, जास्त खाणं म्हणजे लिव्हरमधून जास्त रक्त फिरणं, आणि लिव्हर इस्ट्रोजेन तितक्याच वेगाने मोडून टाकतं. फॉलिकल मोठा असूनही रक्तात हॉर्मोन थोडंच, त्यामुळे माज कमी तासांचा आणि हलका. पुस्तकात १२ ते १८ तास लिहिलेले असतात, पण अशा गाईत सहा-सात तासांतही संपतो, आणि तोही मध्यरात्रीनंतर आला तर कोण बघणार?

खात्रीची खूण एकच, दुसरी गाय अंगावर चढली आणि ही जागची हलली नाही. बाकी हंबरणं, वारंवार लघवी, दूध एकदम कमी होणं, शेपटीच्या बुडाचे केस विस्कटलेले, काचेसारखा लांब लोंबणारा सोट, या सगळ्या बाजूच्या खुणा. बांधून ठेवलेल्या एकट्या गाईला पहिली खूण दाखवायला संधीच मिळत नाही, म्हणून पहाटे आणि रात्री उशिरा वीस-वीस मिनिटं तिला दुसऱ्या गाईबरोबर मोकळी सोडा आणि फोन खिशात ठेवून नुसतं बघा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. बीज सुटतं ते माज संपल्यावर १० ते १४ तासांनी, म्हणून ही वेळ जुळते. शेपटीला रक्ताचा डाग दिसला तर माज एक-दोन दिवसांपूर्वी होऊन गेलाय, आता रेतन करू नका, तारीख लिहा आणि १८व्या दिवसापासून पहारा सुरू.

प्रश्न: तीन इंजेक्शनं देऊन ठरलेल्या दिवशी, माज न बघताच रेतन करतात असं ऐकलं. खरंच चालतं का? २० गाई आहेत, प्रत्येकीवर लक्ष ठेवणं जमत नाही.

उत्तर: चालतं. त्याला ओव्हसिंक म्हणतात, अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मंडळींनी १९९५ मध्ये मांडलं. पहिल्या दिवशी जीएनआरएच, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, त्यानंतर ४८ ते ५६ तासांनी परत जीएनआरएच आणि शेवटच्या इंजेक्शननंतर १६ ते २० तासांनी रेतन. समजा सोमवारी संध्याकाळी पाचला पहिलं, तर पुढच्या सोमवारी संध्याकाळी पाचला दुसरं, बुधवारी संध्याकाळी पाचला तिसरं आणि गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला रेतन. वेळ पाळायचीच, "उद्या सकाळी देऊ" असं एकदा केलं की सगळा हिशोब गेला.

प्रत्येक सुईचं काम वेगळं आहे. पहिल्या जीएनआरएचने आत्ता असलेला मोठा फॉलिकल फुटतो आणि सगळ्या गाईंमध्ये नवा घोळका साधारण एकाच वेळी उठतो, फुटलेल्या जागी पिंडही तयार होतो. सात दिवसांत नवा फॉलिकल तयार आणि पिंड मोडण्याइतका मुरलेला. प्रोस्टाग्लँडिन पिंड मोडतं. दुसरं जीएनआरएच नव्या फॉलिकलला फुटायची वेळ ठरवून देतं, साधारण २४ ते ३२ तासांनी, त्याआधी वीर्य आत पोचून तयार असलं पाहिजे.

आता खरं सांगायचं तर शंभरातल्या तीस-चाळीस गाई एका फेरीत गाभण राहिल्या तरी ते चांगलं धरतात. फायदा हा की शंभरच्या शंभर भरवल्या जातात, माज न दिसल्यामुळे सुटत कुणीच नाही. पाळी सुरू असलेल्या, अंगाने बऱ्या गाईंत हे छान बसतं. ज्यांची पाळीच सुरू नाही त्यांत पहिल्या आणि दुसऱ्या इंजेक्शनच्या मधले सात दिवस प्रोजेस्टेरॉनचं साधन घातलं तर निकाल सुधारतो. आणि कालवडींवर हे जसंच्या तसं वापरू नका, त्यांचे फॉलिकल वेगळ्या गतीने चालतात, बऱ्याच कालवडी मधेच माजावर येतात.

जाता जाता एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण ज्या जीएनआरएचची बाटली सहज उघडतो त्याची रचना १९७१ मध्ये उलगडली. शॅली यांनी डुकरांच्या मेंदूतून आणि गिलेमिन यांनी मेंढ्यांच्या मेंदूतून, दोघांनी एकमेकांशी शर्यत लावून, अक्षरशः टनावारी मेंदू गोळा करून कणभर पदार्थ काढले. १९७७ चं नोबेल त्या दोघांना मिळालं आणि त्याच वर्षीच्या त्याच पुरस्कारात तिसऱ्या होत्या रोझालिन यॅलो, ज्यांच्या पद्धतीमुळे रक्तातलं एवढंसं हॉर्मोन मोजता यायला लागलं. ती मोजणी नसती तर वर लिहिलेलं तासाला एक ठोका वगैरे मला सांगताच आलं नसतं.

प्रश्न: गाय दर ८-१० दिवसांनी माजावर येते, सोट सारखा चालू, दोनदा भरवली, गाभण नाही. एक जण म्हणतो हात घालून गाठ फोडतो.

उत्तर: फोडू देऊ नका. ही बहुधा सिस्ट आहे, म्हणजे फॉलिकल फुटायच्या वेळेला एलएचची मोठी लाट आली नाही, तो तसाच फुगत राहिला, अडीच सेंटिमीटरच्याही वर गेला आणि इस्ट्रोजेन सोडत बसला. हाताने दाबून फोडायची पद्धत जुन्या काळात होती, त्यात रक्तस्राव होतो आणि ओव्हरी आजूबाजूला चिकटून बसली तर गाय कायमची हातची जाते. जीएनआरएच देऊन सिस्टच्या भिंतीला पिंडासारखं काम करायला लावायचं आणि सात-आठ दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, किंवा प्रोजेस्टेरॉनचं साधन, हे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही चांगले. व्यायल्यानंतर पहिल्या महिना-सव्वा महिन्यात सापडलेल्या बऱ्याच सिस्ट आपोआप जातात, तेव्हा घाई नको.

प्रश्न: मॅडम, गोठ्याचं सगळं मीच बघते. पाचवा महिना चालू आहे. ही इंजेक्शनं मी भरून दिली तर चालतील का?

उत्तर: नाही. ताई, प्रोस्टाग्लँडिनच्या बाटलीला हातसुद्धा लावू नका. ते चामडीतून आत शिरतं आणि गर्भाशय आवळतं, गाईत पिंड मोडतं तसं माणसात गर्भपाताला कारण होऊ शकतं. दमा असलेल्यांनाही त्याने श्वास कोंडू शकतो. माझ्या स्वतःच्या गरोदरपणात मी ते इंजेक्शन पूर्ण बंद केलं होतं, सहकारी द्यायचे आणि मी दोन पावलं लांब उभी राहून नुसतं सांगायचे. घरात दुसरं कुणी दिलं तरी त्यांनी हातमोजे घालावेत, थेंब सांडला तर लगेच साबण-पाण्याने धुवावा, आणि वापरलेली सुई-सिरिंज तुमच्या हाताला लागेल अशा जागी ठेवू नये. प्रोजेस्टेरॉनचं साधनही उघड्या हाताने धरू नका.

प्रश्न: भरवल्यावर गाभण आहे की नाही हे सगळ्यात लवकर कधी कळतं? २१ दिवसांनी माज आला नाही म्हणजे राहिली असं धरू का?

उत्तर: धरू नका, वरच्या पत्रांतल्या कितीतरी गाई माज न दाखवताच फिरतायत. आत काय होतं ते सांगते. १६-१७व्या दिवसाच्या सुमारास गर्भ, जो तेव्हा नुसता एक लांबट धागा असतो, इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडतो आणि गर्भाशयाला प्रोस्टाग्लँडिन सोडण्यापासून अडवतो. निरोप वेळेत पोचला तर पिंड टिकतो, नाही पोचला तर पिंड मोडतो आणि गाय परत माजाकडे. म्हणून २१ ते २४ दिवसांत दुधातलं प्रोजेस्टेरॉन तपासून घेता आलं आणि ते कमी निघालं तर गाय रिकामी, हे जवळजवळ पक्कं. जास्त निघालं तर मात्र फक्त "बहुतेक", कारण पाळी थोडी मागे-पुढे असलेली रिकामी गाय किंवा पिंड अडकून बसलेली गायही तसंच दाखवते.

पक्कं उत्तर सोनोग्राफीने २८-३० दिवसांनी, त्यात गर्भाच्या छातीची धडधड दिसते. हाताने तपासायचं तर जाणत्या माणसाने ३५-४० दिवसांनंतर. आणि आज गाभण निघालेली गाय ६० दिवसांच्या पुढे परत एकदा तपासून घ्या, मधल्या दिवसांत काही गर्भ आपोआप गळतात आणि बाहेर काहीच दिसत नाही. तोवर त्या गाईला कुणीही, कितीही खात्रीने सांगितलं तरी प्रोस्टाग्लँडिन टोचू देऊ नका. माज दिसला नाही म्हणून टोचलं आणि पाणी आलेल्या पिशवीसकट गाभ पडला, अशी दोन पत्रं याच गठ्ठ्यात आहेत.